परक्या पियानोवर

व्हायोलिनवादक आपले वाद्य पाठीवर टाकून प्रवास करतो, बासरीवादकाचे वाद्य तर साध्या पिशवीत मावते. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या व्यासपीठावर पियानोवादक मात्र जवळजवळ नेहमीच रिकाम्या हाताने येतो. मोठ्या सभागृहात वापरला जाणारा कॉन्सर्ट ग्रँड पियानो सुमारे पावणेतीन मीटर लांब आणि जवळपास ५०० किलो वजनाचा असतो, त्यामुळे ज्या वाद्यावर वर्षानुवर्षे रियाज केला ते घरीच राहते आणि ज्या वाद्यावर श्रोत्यांसमोर कसोटी लागायची ते सभागृहाच्या मालकीचे, म्हणजे परके असते. मैफलीच्या दिवशी त्या परक्या पियानोशी ओळख करून घ्यायला दोन-तीन तास मिळाले तर पुष्कळ. व्यावसायिक पियानोवादकाचे आयुष्य समजून घ्यायचे असेल तर ही एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, कारण त्याचे शिक्षण, त्याची स्मरणशक्ती, त्याची भीती आणि त्याची मिळकत या सगळ्यांत तिचे पडसाद सापडतात.

परका पियानो इतका अडचणीचा का ठरतो, हे कळण्यासाठी वाद्याच्या पोटात डोकावावे लागते. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने पहिला पियानो घडवला. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की आतले एक टोक तार छेडत असे आणि पट्टी हळू दाबली काय किंवा जोरात दाबली काय, आवाज जवळजवळ सारखाच निघे. क्रिस्तोफोरीने तार छेडण्याऐवजी ती हातोडीने ठोकण्याची योजना केली आणि आवाजाचा लहानमोठेपणा वादकाच्या बोटांच्या ताब्यात आला. ‘मृदू’ आणि ‘मोठा’ या अर्थाच्या इटालियन शब्दांवरूनच वाद्याला त्याचे नाव मिळाले. आजच्या पियानोला ८८ पट्ट्या आणि सुमारे २३० तारा असतात. पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते आणि वादकाला जे काही करायचे ते एवढ्याशा अंतरातच करून घ्यावे लागते, कारण तारेला भिडण्याच्या किंचित आधी हातोडी पट्टीच्या पकडीतून सुटते आणि उरलेले अंतर ती मोकळी उडत जाते. त्यानंतर पट्टी कितीही दाबून धरली, बोट कितीही हलवले, तरी त्या स्वरावर काडीचाही परिणाम होत नाही. एका सुट्या स्वरापुरते पाहिले तर वादकाच्या हाती हातोडीचा वेग एवढीच एक गोष्ट असते, आणि उमटलेला स्वर पहिल्या क्षणापासून विझत जातो. गायक लांबवलेला स्वर मध्येच फुलवू शकतो. पियानोवर ते शक्य नाही.

तरीही उत्तम वादकाच्या हातात पियानो गातो असे आपल्याला वाटते, आणि हा भास निर्माण करणे हाच या कलेचा गाभा आहे. मागचा स्वर जितका विझला असेल त्याच्याशी जुळेल एवढ्याच जोराने पुढचा स्वर वाजवला, तर कानाला मधला तुटकपणा जाणवत नाही. एकाच वेळी पाच-सहा पट्ट्या दाबताना त्यांतली एक, म्हणजे जिच्यात मुख्य धुन आहे ती, इतरांपेक्षा थोडी अधिक वेगाने दाबली, तर ती धुन बाकीच्या स्वरांवर तरंगल्यासारखी ऐकू येते. गंमत म्हणजे हे काम बहुतेक वेळा उजव्या हाताच्या करंगळीकडे, म्हणजे सर्वांत दुबळ्या बोटाकडे येते. उजव्या पायाखालचे पेडल दाबले की तारांवरचे दाबक वर उचलले जातात, सगळ्या तारा एकमेकींच्या कंपनाला साद देतात आणि सुटे स्वर एकमेकांत मिसळतात. हे पेडल पूर्ण, अर्धे किंवा नुसते स्पर्शापुरते दाबता येते, आणि ते कधी सोडायचे याचा निर्णय पाय स्वतंत्रपणे घेत नाही, कान घेतो. श्रोते ज्याला वादकाचा ‘स्पर्श’ म्हणतात तो वेग, वेळ, समतोल आणि पेडल यांच्या अशा हजारो सूक्ष्म निर्णयांतून तयार झालेला असतो.

आता हे सगळे निर्णय ज्या वाद्यावर घ्यायला शिकलो ते वाद्यच बदलले तर काय होईल, याची कल्पना करता येते. एका पियानोच्या पट्ट्या जड, दुसऱ्याच्या हलक्या. एकाच्या हातोड्यांवरचा नमदा वापरून कडक झालेला, म्हणून आवाज टोकदार. एकाचे पेडल पाव इंच दाबताच काम करते, दुसऱ्याचे खोलवर गेल्याशिवाय दाद देत नाही. शिवाय सभागृहाचा स्वतःचा घुमारा असतो आणि रिकाम्या सभागृहात जुळवलेला अंदाज श्रोते भरल्यावर फसतो, कारण माणसे आणि त्यांचे कपडे आवाज शोषून घेतात. म्हणून मैफलीच्या दुपारी पियानोवादक आपला कार्यक्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून पाहत बसत नाही. तो अवघड जागा तपासतो, अत्यंत मृदू स्वर कुठपर्यंत ऐकू येतात ते पाहतो आणि सभागृहाच्या तंत्रज्ञाशी बोलतो. पियानो सुरात लावणारा हा तंत्रज्ञ श्रोत्यांना सहसा दिसत नाही, परंतु हातोडीचा नमदा सुईने टोचून मऊ करणे किंवा एखाद्या पट्टीची चाल सुधारणे ही त्याची कामे मैफलीचे भवितव्य ठरवू शकतात. वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत तर स्पर्धकांसमोर वेगवेगळ्या कंपन्यांचे पियानो ठेवतात आणि काही मिनिटांत त्यांतला एक निवडायला सांगतात.

काही थोड्या कलावंतांनी या परकेपणावर आपापल्या परीने उपाय केले. व्लादिमीर होरोविट्झ १९८६ साली ६१ वर्षांनी मायदेशी वाजवायला गेले, तेव्हा न्यूयॉर्कच्या घरातला त्यांचा स्टाइनवे पियानो त्यांच्याबरोबर मॉस्कोला गेला. अँजेला ह्यूइट या कॅनेडियन पियानोवादिका ध्वनिमुद्रणासाठी आपला फाझिओली पियानो वापरत. २०२० च्या सुरुवातीला बर्लिनमधले काम संपल्यावर हलवताना तो पडला, त्याची लोखंडी चौकट तडकली आणि दुरुस्ती अशक्य असल्याचा निर्वाळा कारखान्याने दिला. स्वतःचे वाद्य जवळ बाळगण्याची हौस किती महागात पडू शकते, हे त्यावरून दिसते. बाकीचे सारे वादक परक्या वाद्याशी जमवून घेतात, आणि ज्याला ते पटकन जमत नाही त्याची या व्यवसायात फार काळ डाळ शिजत नाही.

या आयुष्याची सुरुवात फार लवकर होते. बहुतेक पियानोवादक पाच ते सात वर्षांच्या वयात शिकू लागतात, आणि याचे कारण केवळ हाताच्या लवचिकपणात शोधू नये. दोन हातांनी दोन वेगळ्या गोष्टी करणे, दोन ओळींची स्वरलिपी एका दृष्टिक्षेपात वाचणे आणि ऐकलेल्या स्वरसमूहातला प्रत्येक स्वर वेगळा ओळखणे या गोष्टी भाषेसारख्या असतात. लहानपणी त्या नकळत अंगवळणी पडतात, मोठेपणी त्या नियम पाठ करून शिकाव्या लागतात. क्लारा शुमान १८२८ साली लाइपझिगच्या गेवांडहाउसमध्ये पहिल्यांदा श्रोत्यांसमोर आली तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि तिचे वडील फ्रीडरिश वीक यांनी तिचा प्रत्येक दिवस तासातासाने आखून दिलेला होता. येवगेनी किसीन यांनी १९८४ साली मॉस्कोमध्ये शोपँचे दोन्ही कॉन्चेर्टो, म्हणजे एकलवादक आणि वाद्यवृंद यांनी मिळून वाजवायच्या रचना, एकाच मैफलीत वाजवले, तेव्हा त्यांचे वय १२ होते. अशा कथा वाचताना मुलाचे कौतुक होते, पण त्यामागे बहुतेक वेळा घरातल्या कुणी तरी एका मोठ्या माणसाने आपले स्वतःचे आयुष्य बाजूला ठेवलेले असते, त्याचा उल्लेख कार्यक्रमपत्रिकेत येत नाही.

गुरुपरंपरेला या क्षेत्रात मोठे वजन आहे. बेथोव्हनचा शिष्य कार्ल चेर्नी, चेर्नीचे शिष्य फ्रांझ लिस्ट आणि तेओडोर लेशेटिझ्की, लेशेटिझ्कीचे शिष्य पाडेरेव्हस्की आणि आर्टुर श्नाबेल, अशी साखळी सांगता येते आणि पियानोवादक ती अभिमानाने सांगतात. एकोणिसाव्या शतकात हे शिक्षण संगीतशाळांत स्थिरावले: लाइपझिगची शाळा १८४३ मध्ये मेंडेल्सनच्या पुढाकाराने निघाली, सेंट पीटर्सबर्गची १८६२ मध्ये आणि मॉस्कोची १८६६ मध्ये अनुक्रमे अंतोन आणि निकोलाय या रुबिनश्टाइन बंधूंनी स्थापन केली. आजही विद्यार्थी शाळा निवडतो असे म्हटले जाते, पण खरे तर तो गुरू निवडतो. आठवड्यातून एकदा गुरूसमोर एकट्याने बसायचे, वाजवायचे आणि उरलेले सहा दिवस त्या एका तासात ऐकलेल्या सूचना हातात उतरवत राहायचे, हा क्रम साधारणपणे १५ ते २० वर्षे चालतो.

रियाज म्हणजे तीच रचना पुन्हा पुन्हा वाजवणे, अशी बाहेरच्या माणसाची समजूत असते. तशा रियाजाने चुकाच पक्क्या होतात. जाणता वादक अवघड जागेचे चार-सहा स्वर वेगळे काढतो, ते निम्म्या किंवा पाव गतीने वाजवतो, प्रत्येक स्वराला कोणते बोट लावायचे ते ठरवून स्वरलिपीवर पेन्सिलीने आकडा लिहितो, एकेका हाताने स्वतंत्र वाजवतो आणि मग ती जागा पुन्हा मागच्यापुढच्या वाक्यांना जोडतो. बोटांचा हा क्रम ठरवणे म्हणजे निम्मी लढाई असते. दोन वादकांच्या हातांची ठेवण सारखी नसल्यामुळे छापील क्रम जसाच्या तसा चालतोच असे नाही. दिवसाचे चार ते सहा तास हे काम चालते. त्यापुढे मन थकते, आणि थकलेल्या मनाने केलेला रियाज हाताला इजा करतो.

शिकायच्या साहित्याचा डोंगर तर कधीच सर होत नाही. बाखचे ४८ प्रेल्यूड आणि फ्यूग, बेथोव्हनचे ३२ सोनाटे (अनेक भागांच्या रचना) आणि पाच कॉन्चेर्टो, मोझार्टचे २७ कॉन्चेर्टो, शोपँच्या दोन संचांतली २४ एत्यूद (तंत्राच्या अभ्यासासाठीच्या रचना), आणि पुढे शुमान, ब्राम्स, लिस्ट, देब्यूसी, राव्हेल, राख्मानिनॉव्ह, प्रोकोफिएव्ह. इतर कोणत्याही वाद्यासाठी एवढे लिहिले गेलेले नाही, आणि म्हणूनच कोणताही पियानोवादक सगळे वाजवत नाही. आपण काय वाजवणार नाही हे ठरवणे हासुद्धा त्याच्या घडणीचा भाग असतो. श्नाबेल यांनी १९३२ ते १९३५ या काळात बेथोव्हनचे सर्व सोनाटे प्रथमच ध्वनिमुद्रित केले, आणि त्या निवडीमुळे त्यांची ओळख कायमची ठरली.

यातले बहुतेक सारे पाठ वाजवायचे असते. ही प्रथा तशी जुनी नाही. १८३७ मध्ये क्लाराने बर्लिनमध्ये बेथोव्हनचा एक सोनाटा स्वरलिपी समोर न ठेवता वाजवला तेव्हा काहींनी तो उद्धटपणा मानला, कारण रचनाकाराचा कागद समोर ठेवणे हा त्याच्याबद्दलचा आदर समजला जाई. लिस्टने पाठ वाजवण्याला तमाशाचे तेज दिले. संपूर्ण मैफल एकट्याने वाजवण्याची पद्धतही त्याचीच: १८३९ साली रोममध्ये त्याने असा प्रयोग केला आणि त्याला ‘संगीतातली स्वगते’ म्हटले, आणि १८४० साली लंडनच्या जाहिरातींत त्यासाठी ‘रिसायटल’ हा शब्द आला. त्याआधी एकाच मैफलीत गायक, व्हायोलिनवादक, पियानोवादक आणि वाद्यवृंद आळीपाळीने येत असत. म्हणजे एकट्याने, पाठ, दीड-दोन तास वाजवण्याचा हा सगळा भार अवघ्या पावणेदोनशे वर्षांपूर्वी पियानोवादकाच्या खांद्यावर आला.

पाठांतर चार वाटांनी होते. बोटांना हालचाल आठवते, कानाला पुढचा स्वर आठवतो, डोळ्यांसमोर स्वरलिपीचे पान येते, आणि बुद्धीला रचनेचा आराखडा ठाऊक असतो. यांतली बोटांची आठवण सर्वांत सोपी आणि सर्वांत दगाबाज असते, कारण ती साखळीसारखी असते. मधली एक कडी निसटली की पुढचे काही सुचत नाही आणि परत सुरुवातीकडे जावे लागते. परक्या पियानोच्या वेगळ्या पट्ट्यांवर नेमकी हीच आठवण पहिल्यांदा डळमळते. म्हणून अनुभवी वादक रचनेत ठिकठिकाणी मुक्काम ठरवून ठेवतात, जिथून कोणत्याही क्षणी पुन्हा सुरू करता येईल. ॲमस्टरडॅममधल्या एका दुपारच्या मैफलीत वाद्यवृंदाने मोझार्टचा डी मायनरमधला कॉन्चेर्टो सुरू केला आणि मारिया जुआव पिरेश यांच्या लक्षात आले की आपण दुसऱ्याच कॉन्चेर्टोच्या तयारीने आलो आहोत. समोर स्वरलिपी नव्हती. वाद्यवृंदाचा सुरुवातीचा भाग चालू असताना मिळालेल्या दोनेक मिनिटांत त्यांनी वाद्यवृंदाचे कंडक्टर (संचालक) रिकार्दो शायी यांच्याशी खाणाखुणांनी आणि कुजबुजत बोलून घेतले, आणि वेळ येताच तो कॉन्चेर्टो पाठ वाजवला. स्व्यातोस्लाव्ह रिख्टर यांनी मात्र आयुष्याच्या उत्तरार्धात हा जुगार खेळणे सोडले. सभागृह अंधारात, एकच लहान दिवा आणि त्या उजेडात स्वरलिपी, अशा पद्धतीने ते वाजवू लागले, आणि त्यांच्या वादनाची प्रतिष्ठा त्याने कणभरही उणावली नाही. अलीकडे पडद्यावरची स्वरलिपी पायाने उलटण्याची सोय झाल्यापासून अनेक वादक कागद न फडफडवता पाहून वाजवतात. पाठांतर ही क्षमता आहे, तो सद्गुण मानण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

शिक्षण संपल्यावर व्यवसायाचे दार कसे उघडायचे, हा प्रश्न येतो. सर्वांत दिसणारी वाट स्पर्धेची आहे. वॉर्साची शोपँ स्पर्धा १९२७ मध्ये सुरू झाली आणि साधारणपणे दर पाच वर्षांनी होते; मॉस्कोची चायकोव्हस्की स्पर्धा १९५८ ची, लीड्सची १९६३ ची. स्पर्धक बहुधा १६ ते ३० या वयातले असतात, तीन-चार फेऱ्यांत त्यांची छाननी होते आणि अखेरची फेरी वाद्यवृंदासोबत होते. पारितोषिकाच्या रकमेपेक्षा त्याबरोबर मिळणारे मैफलींचे करार मोलाचे असतात. १९५८ मध्ये शीतयुद्ध ऐन भरात असताना व्हॅन क्लायबर्न या २३ वर्षांच्या अमेरिकन तरुणाने मॉस्कोत पहिले पारितोषिक जिंकले आणि न्यूयॉर्कने त्याची रस्त्यातून मिरवणूक काढली. पण त्याच कीर्तीने त्याला काही ठरावीक रचनांत अडकवून ठेवले, आणि १९७८ पासून पुढची बरीच वर्षे तो व्यासपीठापासून दूर राहिला. १९८० साली वॉर्सामध्ये इव्हो पोगोरेलिच यांना अंतिम फेरीत जागा मिळाली नाही म्हणून मार्ता आर्हेरिच परीक्षक मंडळातून बाहेर पडल्या. त्या वर्षीचे विजेते व्हिएतनामचे डांग थाई सोन होते, परंतु गाजावाजा पोगोरेलिच यांचाच अधिक झाला. अनेक परीक्षकांच्या गुणांची सरासरी काढली की कुणालाच न खटकणारा वादक वर येतो, असा आक्षेप स्पर्धांवर नेहमी घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही. मात्र जिंकल्याने दार उघडते आणि आत टिकणे पुढच्या दहा वर्षांवर अवलंबून असते, हे जिंकणाऱ्यांना कुणी सांगावे लागत नाही.

दुसरी वाट बदली कलावंताची, आणि ती अधिक नाट्यमय आहे. १९६३ च्या जानेवारीत न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर वाजवणारे ग्लेन गूल्ड आजारी पडले आणि कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन यांनी आंद्रे वॉट्स या १६ वर्षांच्या मुलाला त्यांच्या जागी उभे केले. लिस्टचा ई फ्लॅट कॉन्चेर्टो वाजवून संपेपर्यंत वॉट्स यांचे आयुष्य बदललेले होते. १९९९ मध्ये शिकागोजवळच्या राव्हिनिया महोत्सवात हेच वॉट्स वाजवू शकले नाहीत, आणि त्यांच्याऐवजी आलेला १७ वर्षांचा मुलगा होता लांग लांग. २००७ मध्ये बॉस्टनमध्ये आर्हेरिच यांच्या जागी युजा वांग आल्या. याला नशीब म्हणणे सोपे आहे. परंतु अशी विचारणा येते तेव्हा हातात एक-दोन दिवस असतात, कधी तेवढेही नसतात, आणि एवढ्या वेळात कुणी कॉन्चेर्टो शिकत नाही. तो आधीपासून तयार असावा लागतो, कुणीही मागितलेला नसताना. तरुण पियानोवादक आठ-दहा कॉन्चेर्टो कायम हाताशी ठेवतात ते याचसाठी.

दार उघडल्यावर जे सुरू होते ते आतून पाहिले तर बरेचसे फिरतीच्या नोकरीसारखे असते. मैफली ठरवणे, मानधनाची घासाघीस करणे आणि वेळापत्रक जुळवणे हे काम व्यवस्थापक करतो आणि त्याबद्दल मानधनातला ठरलेला हिस्सा घेतो. मोठे वाद्यवृंद आणि सभागृहे आपले कार्यक्रम दोन-तीन वर्षे आधी ठरवतात, म्हणून पियानोवादकाला आपण दोन वर्षांनी कोणत्या गावी कोणता सोनाटा वाजवणार आहोत हे आज सांगावे लागते, मग तोवर त्या सोनाट्यावरचे मन उडालेले असो. वाद्यवृंदासोबतचा आठवडा साधारण असा जातो: पोहोचल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कंडक्टरशी बैठक, एक-दोन तालमी, मग सलग दोन किंवा तीन संध्याकाळी तोच कॉन्चेर्टो, आणि त्यानंतर लगेच पुढच्या गावाचे विमान. राख्मानिनॉव्हचा तिसरा कॉन्चेर्टो सुमारे ४० मिनिटांचा आहे. त्यासाठी वादकाने खर्च केलेले महिने आणि प्रवासाचे दिवस मोजले तर मानधन पाहता पाहता आकसते. आजारपणाने मैफल रद्द झाली तर सहसा काहीच मिळत नाही. ध्वनिमुद्रणाने नाव होते, त्यातून घर चालेल अशी अपेक्षा आज फारसे कुणी धरत नाही.

म्हणून केवळ एकलवादनावर जगणारे पियानोवादक थोडे, आणि जगभर ज्यांची नावे माहीत आहेत असे त्याहून थोडे. बाकीचे शिकवतात, गायकांना आणि व्हायोलिनवादकांना साथ करतात, त्रिकूट-चौकडीत वाजवतात, नाट्यगृहांत गायकांच्या तालमी घेतात. याला दुय्यम मानण्याची चूक करू नये. जेराल्ड मूर यांनी संपूर्ण कारकीर्द साथसंगतीत घालवली आणि १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी निरोप घेतला तेव्हा श्वार्ट्सकोफ, व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस आणि फिशर-डीस्काउ हे त्या काळातले तीन थोर गायक त्यांच्यासाठी गायला उभे होते. पैशाच्या निकडीतून घडलेली थोर कारकीर्दही आहे. राख्मानिनॉव्हने १९१७ च्या क्रांतीनंतर रशिया सोडला तेव्हा तो प्रामुख्याने रचनाकार होता. कुटुंब पोसण्यासाठी पंचेचाळिशीत त्याने मैफलींचा पियानोवादक म्हणून नव्याने संसार मांडला आणि पुढची २५ वर्षे त्यातच गेली. क्लाराचेही तसेच. पती रॉबर्ट १८५६ मध्ये वारला, मुले सांभाळायची होती, आणि तिने युरोपभर मैफली करून घर चालवले. १८९१ मध्ये तिने फ्रँकफुर्टला शेवटचे जाहीर वादन केले तेव्हा नऊ वर्षांच्या त्या मुलीला पियानोसमोर बसून ६० पेक्षा अधिक वर्षे झाली होती.

शरीर हे या व्यवसायाचे एकमेव भांडवल, आणि ते फसवे असते. रॉबर्ट शुमानला तरुणपणीच उजव्या हाताच्या दुखण्यामुळे वादनाचे स्वप्न सोडावे लागले. स्क्र्याबिनने अतिरियाजाने उजवा हात दुखावून घेतला आणि त्या काळात फक्त डाव्या हाताने वाजवायची एक प्रेल्यूड आणि एक नोक्टर्न लिहिली. लिऑन फ्लायशर यांची गोष्ट वैद्यकीय दृष्टीने अधिक बोलकी आहे: १९६० च्या दशकाच्या मध्यात, वयाच्या पस्तिशीत, त्यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप आत वळू लागली. या विकाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात. यात स्नायू किंवा सांधे बिघडत नाहीत. वर्षानुवर्षांच्या त्याच त्या सूक्ष्म हालचालींमुळे मेंदूमधली वेगवेगळ्या बोटांची जागा जणू एकमेकींत मिसळते आणि एका बोटाला दिलेला हुकूम दुसऱ्यालाही जातो. तीसेक वर्षे त्यांनी शिकवले, कंडक्टर म्हणून काम केले आणि डाव्या हातासाठीच्या रचना वाजवल्या. मग १९९० च्या दशकात बोट्युलिनम विषाची इंजेक्शने आणि इतर उपचारांनंतर ते दोन्ही हातांनी वाजवू लागले. डाव्या हातासाठी अशा उत्तम रचना उपलब्ध होत्या त्या पाउल व्हिटगेनश्टाइन यांच्यामुळे. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या या व्हिएन्नाच्या श्रीमंत पियानोवादकाने राव्हेल, प्रोकोफिएव्ह, ब्रिटन अशा रचनाकारांकडून डाव्या हातासाठी वाद्यवृंदासोबतच्या रचना लिहून घेतल्या, आणि राव्हेलचा कॉन्चेर्टो तर दोन्ही हात शाबूत असलेले वादकही आवडीने वाजवतात.

पट्ट्यांच्या रुंदीचा प्रश्नही याच सदरात येतो. पियानोचे सप्तक साधारण साडेसोळा सेंटिमीटरचे असते आणि ते माप मोठ्या हाताच्या पुरुषाला सोयीचे आहे. लहान हाताच्या, विशेषतः अनेक स्त्री वादकांना त्यासाठी पंजा सतत ताणावा लागतो. योसेफ होफमान यांचे हात लहान होते, तर स्टाइनवेने त्यांच्यासाठी किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून दिले. अर्थात हा लाभ होफमान यांच्या तोडीच्या नावालाच मिळतो. इतरांच्या नशिबी तोच परका, ठरावीक मापाचा पियानो.

शरीराहून मनाचा ताण अधिक. वाद्यवृंदातल्या वादकाची चूक शेजाऱ्यांच्या आवाजात झाकली जाते, गायकाला साथीदाराचा आधार असतो. एकलवादन करणारा पियानोवादक दीड तास एकटा असतो, श्रोत्यांकडे पाहतही नाही, आणि मैफल संपल्यावर अनोळखी गावातल्या हॉटेलच्या खोलीत परततो. हृदयाची धडधड कमी करणारी बीटा-ब्लॉकर औषधे अनेक वादक घेतात आणि त्याबद्दल फारसे बोलत नाहीत. होरोविट्झ १९५३ नंतर १२ वर्षे श्रोत्यांसमोर आले नाहीत. गूल्ड यांनी १९६४ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, मैफली कायमच्या सोडल्या आणि उरलेले आयुष्य ध्वनिमुद्रणाला वाहिले. आर्हेरिच यांनी तिसरा मार्ग काढला: व्यासपीठावरचा एकटेपणा सोसवेना म्हणून १९८० च्या दशकात त्यांनी एकलवादन जवळजवळ बंद केले, आणि तेव्हापासून त्या वाद्यवृंदाबरोबर किंवा मित्रांच्या संगतीत वाजवत आल्या आहेत. लिस्टने तर, ज्याने हा एकट्याचा खेळ सुरू केला त्यानेच, १८४७ मध्ये कीर्तीच्या शिखरावर असताना ३५ व्या वर्षी पैशासाठी वाजवणे थांबवले.

निवृत्तीचे वय असे या व्यवसायाला नाही. वेग कमी होतो, उड्या चुकतात, मग वादक लिस्ट बाजूला ठेवून मोझार्ट आणि शूबर्टकडे वळतो, आणि तिथे स्वर कमी असल्यामुळे प्रत्येक स्वराची जबाबदारी वाढते. आर्टुर रुबिनश्टाइन यांना दृष्टी मंदावल्यामुळे १९७६ मध्ये, ८९ व्या वर्षी, थांबावे लागले. म्येचिस्वाव्ह होर्शोव्हस्की यांनी शेवटची मैफल ९९ व्या वर्षी केली. मेनाहेम प्रेसलर यांनी १९४६ मध्ये एक स्पर्धा जिंकली, एकलवादक म्हणून सुरुवात केली, आणि १९५५ मध्ये बो आर्ट्स त्रिकुटात सामील होऊन तिथे ५३ वर्षे काढली. २००८ मध्ये ते त्रिकूट विसर्जित झाले तेव्हा ते ८४ वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी एकलवादन पुन्हा हाती घेतले, आणि २०१४ च्या जानेवारीत, नव्वदी पूर्ण झाल्यावर, बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर ते आयुष्यात पहिल्यांदा वाजवायला बसले.